बिनटपाची गाडी आणि दाजींचा हट्ट

पत्र :

स. न. वि. वि. मी लातूरची. आमच्या ह्यांचं मोटार-पंप आणि पाइपांचं दुकान आहे. वय अठ्ठावन्न. मुलीचं लग्न झालं, घराचं कर्ज फिटलं आणि आता यांच्या डोक्यात एक खूळ शिरलंय. गोव्यात कुणाची तरी दोन सीटची, टप उघडणारी, लाल रंगाची जुनी सॅन स्टॉर्म विकायला आहे, ती आणायची म्हणतात. घरात चांगली एसी गाडी आहे, दुकानाला पिकअप आहे. मुलगा म्हणतो, घ्यायचीच तर थार घ्या. जाऊबाई म्हणाल्या, "भाऊजींना आता हिरो व्हायचंय का?" मला एवढंच कळत नाही, की आपल्या मराठवाड्याच्या उन्हात आणि फुफाट्यात उघड्या गाडीत बसण्यात सुख तरी काय? गाडी मलाही येते, पण हे शेजारी असले की मी स्टिअरिंगला हात लावत नाही. यांना कसं अडवू, ते सांगा.
– एक भगिनी, लातूर

उत्तर :

ताई,

अडवायचंच असेल तर कारणं भरपूर आहेत. त्यातली खरी कारणं मी पुढं स्वतःच देणार आहे. पण ऊन आणि फुफाटा ही कारणं पुढं करू नका, त्यावर दाजी तुम्हाला हरवतील.

उघडी गाडी ही आपल्याकडं सकाळची गाडी. दिवाळी ते होळी, साडेसहा ते साडेनऊ. हवं तर संध्याकाळी पाचनंतर आणखी एक तास. एप्रिल-मे महिन्यांत ती पत्र्याखाली झाकून ठेवायची, किंवा अगदी पहाटे काढायची. दुपारी बाराला लातुरात टप उघडून फिरणाऱ्या माणसाला तुम्ही नाही, डॉक्टरनं अडवावं. पण पाऊस परतल्यानंतरचे चार-साडेचार महिने आपल्याकडं कोरडे, स्वच्छ, सकाळी गार आणि नऊला कोवळं ऊन देणारे असतात. असल्या उघड्या गाड्यांचा शौक ज्या इंग्लंडात वाढला, तिथल्या लोकांना असे सलग कोरडे महिने बघायला मिळत नाहीत. तरीही ऑक्सफर्डजवळच्या एमजी कारखान्यानं १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाच्या एकाच मॉडेलच्या पाच लाखांहून जास्त गाड्या काढल्या. ढगाळ आभाळाखाली मफलर गुंडाळून लोक ती चालवत होते. पाऊस कमी म्हणून आपण जन्मभर कपाळाला हात लावतो, पण या एका शौकाला आपलं हवामान उत्तम जमतं.

आता सुखाचं. हा प्रश्न तुम्ही मनापासून विचारलाय, म्हणून यावरच जास्त बोलतो.

डिसेंबरातली एखादी सकाळ धरा. लातुरातून रेणापूरच्या रस्त्यानं अंबाजोगाईला निघालात. तुमच्या एसी गाडीत बसलात तर काचेबाहेर शेतं सरकतात, आत गाणी लागतात, तासाभरात अंबाजोगाई येतं. वाटेत काय लागलं, असं कुणी विचारलं तर टोलनाका किंवा चहाची टपरी एवढंच आठवतं. हाच रस्ता टप उघडून केलात तर शहर सुटल्या सुटल्या हवेत फरक पडतो. रात्री पाणी दिलेल्या गव्हाच्या शेताजवळून जाताना ओल्या काळ्या मातीचा वास येतो, आणि त्याच्यासोबत अंगाला जाणवेल असा गारवा. शेत संपलं की गारवाही संपतो. मांजरेच्या पुलावर तर हवा एकदम दोन-तीन अंशांनी उतरल्यासारखी वाटते. हातावर काटा येतो आणि पूल ओलांडून चढाला लागलात की परत ऊब लागते. नदीच्या खोलगट भागात रात्रीची थंड हवा साचून राहते, म्हणून हे होतं. बंद गाडीतल्या माणसाला याचा पत्ताच नसतो.

कारखान्याच्या बाजूनं गेलात तर मळीचा तो गोडसर, आंबूस वास लांबूनच लागतो. पुढं कुणी तुरीचा पाला पेटवलेला असतो, कुठं गुऱ्हाळ चालू असतं, कुठं बांधावर हुरड्याची आगटी लावून पोरं बसलेली असतात आणि भाजत्या कणसाचा वास रस्त्यावरून आडवा जातो. खरं तेही सांगतो : कोंबड्यांच्या शेडचा वास येतो, एसटीचा काळा धूर येतो, रस्त्याकडेला मेलेलं कुत्रं असलं तर तेही कळतं. उघडी गाडी निवड करत नाही. पण सगळा हिशेब केला तर नफ्यातच राहते, असं माझं मत आहे.

अजून एक लहानसं सुख. थंडीत टप उघडा ठेवायचा आणि हीटर चालू करायचा. पायाशी गरम हवा, गालाला गार वारा. ऐकायला मूर्खपणा वाटतो, मलाही सांगणाऱ्याचं हसू आलं होतं. पण शाल पांघरून शेकोटीपुढं बसलेला माणूस पाठ गार आहे म्हणून उठून जातो का?

वाऱ्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. वारा समोरून तोंडावर आदळत नाही. समोरच्या काचेवरून तो वर निघून जातो, डोक्यावरून मागं जातो आणि सीटच्या पाठीमागं गोल फिरून मानेवर येतो. म्हणून टोपी पुढून उडत नाही, मागून उचलली जाते. दाराच्या काचा वर ठेवल्या आणि सीटमागं जाळीचा पडदा लावला तर साठच्या वेगात वेणीसुद्धा विस्कटत नाही आणि नेहमीच्या आवाजात बोलता येतं. नव्वद गाठलं की मात्र ओरडावं लागतं. तुमच्यासाठी एक सुती ओढणी आणि दाजींसाठी बागायतदार रुमाल, एवढी तयारी पुरते. गॉगल दोघांनाही हवा. त्यात हिरोगिरी काही नाही, चिलटं डोळ्यात जातात.

आणि आता या गाडीची सगळ्यात मोठी गंमत, जी मुलाला थारमध्ये सापडणार नाही. ती गंमत साठच्या वेगात आहे.

सॅन स्टॉर्म ही नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनायला लागलेली गाडी. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं, ताकद साठ हॉर्सपॉवरच्या आसपास. आजच्या हिशेबानं साठ हॉर्सपॉवर म्हणजे काहीच नाही. पण गाडी हलकी, बसायला इतकी खाली की दारातून हात सोडला तर रस्ता फार लांब नसतो. डोळे जमिनीच्या जितके जवळ, तितका रस्ता वेगानं पळताना दिसतो. त्यात इंजिनाचा आवाज थेट कानात आणि हवा अंगाला. म्हणून पन्नास-साठच्या वेगात या गाडीत जेवढं घडतं, तेवढं मोठ्या एसयूव्हीत एकशे वीसला घडत नाही. तीत गिअर खरोखर बदलावा लागतो, वळणाआधी वेग मोजून कमी करावा लागतो, चढाला इंजिन ओढतंय की दमलंय ते पायाला कळतं. दोनशे हॉर्सपॉवरच्या गाडीतली दीडशे हॉर्सपॉवर आपल्या रस्त्यांवर जन्मभर झोपून राहते. ही गाडी सगळी वापरता येते, कायदा न मोडता.

हे फक्त माझ्यासारख्या वेड्यांचं म्हणणं नाही. जपानच्या माझदानं १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ नावाची अशीच छोटी, दोन सीटची, उघडी गाडी दाखवली. वजन टनाच्या आत, इंजिन १६०० सीसीचं, किंमत मध्यमवर्गाला झेपेल अशी. जुन्या इंग्लिश गाड्यांतली गंमत ठेवायची आणि त्यांची तेलगळती आणि रुसवेफुगवे काढून टाकायचे, असा तो साधा हिशेब होता. २०१६ मध्ये त्या गाडीचा आकडा दहा लाखांवर गेला. जगातली सर्वांत जास्त खपलेली दोन सीटची उघडी स्पोर्ट्‌स कार ती. भारतात ती कंपनीनं कधी विकली नाही, म्हणून आपल्याकडच्या शौकिनांच्या वाट्याला सॅन स्टॉर्मसारख्या मोजक्या गाड्या आल्या. दाजींनी उगाच काहीतरी शोधून काढलंय असं समजू नका. साठ हॉर्सपॉवरमध्ये जी मजा मिळते, तिच्या शोधात ते बरोबर दारात उभे आहेत.

थारबद्दल दोन शब्द, नाहीतर मुलगा रागवेल. थार दणकट आहे, नांगरटीतूनही निघेल. कापडी टपाचं मॉडेलही तिच्यात आलं होतं. पण तीत तुम्ही उंचावर बसता, रस्ता खाली राहतो. कामाला यायची असेल तर थारच घ्या. दाजींना मात्र कामाची गाडी नकोच आहे, कामाची त्यांनी आयुष्यभर चालवली. आणि कुणी एमजीची ती नवी विजेवरची सायबरस्टर दाखवली, तर किंमत पंचाहत्तर लाखांच्या घरात आहे एवढं सांगून विषय संपवा. गाडी सुंदर आहे, वादच नाही. पण वजन दोन टनांच्या आसपास आणि ताकद पाचशे हॉर्सपॉवर. लातूर-रेणापूर रस्त्यावर ती ताकद कुठं सोडायची?

एक गोष्ट मात्र दाजींना हात धरून सांगा. गोव्याची गाडी हुकली म्हणून एखाद्या जुन्या मारुतीचा टप कापून घेतो म्हणाले, तर तिथं खरंच अडवा. साध्या गाडीत छत हे नुसतं झाकण नसतं. खांब, छत आणि तळ मिळून गाडी ताठ राहते. छत कापलं की खड्ड्यात गाडी मधोमध लवते, दारं अडकतात, काच तडकते आणि उलटली तर डोक्यावर काही राहत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्यातून आलेल्या गाडीची मूळ रचना अशी बदलता येत नाही. ग्राइंडर घेऊन बसलेला गॅरेजवाला "काय होत नाही शेठ" म्हणेल. होतं.

आता तुमच्या बाजूची कारणं. आपल्या रस्त्यांचं दुखणं खड्ड्यांपेक्षा खोल आहे, ते काळ्या मातीत आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्यासोबत वर-खाली होत लाटांसारखा होतो. उंच गाडीत ते झुलल्यासारखं वाटतं, खाली बसलेल्या छोट्या गाडीत पोट घासतं. त्यात प्रत्येक गावात, प्रत्येक शाळेपुढं आणि अधूनमधून प्रत्येक पुढाऱ्याच्या घरापुढं स्पीड ब्रेकर. त्यावर गाडी सरळ न घालता तिरकी घालायची, एकेक चाक चढवायचं. सवय होते, पण मागचा टमटमवाला तोवर हॉर्न वाजवून जीव खातो.

खळ्याचे दिवस आले की लोक सोयाबीन, तूर, ज्वारी रस्त्यावर पसरतात. वरून गाड्या गेल्या की मळणी आपोआप. मोठ्या गाडीला फरक पडत नाही. या गाडीखाली मात्र वाळलेला पाला अडकतो, गरम सायलेन्सरला गुंडाळला जातो आणि पेटू शकतो. हे ऐकीव नाही, गाड्या पेटल्या आहेत. रस्त्यावर खळं दिसलं की कडेनं काढायची. कड नसली तर उतरून, काडीनं बाजूला करून, शेतकऱ्याला रामराम घालून जायचं. आणि पुढं थांबून एकदा खाली वाकून बघायचं.

उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री ही गाडी बाहेर काढूच नका. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाचे शेंडे बाहेर लोंबत असतात. बंद गाडीत निदान वर पत्रा असतो. दिवसाही हेडलाइट लावून चालवा, कारण उंच कंटेनरच्या ड्रायव्हरला तुमचा लाल ठिपका आरशात दिसत नाही. त्या काळच्या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. सीटबेल्ट नवे बसवून घ्या. सीटमागं लोखंडी कमान नसेल तर आरटीओच्या परवानगीनं आणि जाणत्या माणसाकडून बसवता येते का, ते विचारा. नातवंडं या गाडीत नकोत. मांडीवर घेऊन तर अजिबात नकोत. ती एसी गाडीतच बरी.

समृद्धी महामार्ग लातूरला लागत नाही हे बरंच झालं. नाहीतर दाजींनी पहिल्याच रविवारी तिकडं चाक वळवलं असतं. एकशे वीसची मुभा असलेला सरळ काँक्रीटचा रस्ता म्हणजे या गाडीला शिक्षा आहे : कानात गर्जना, बाजूनं ट्रक, आणि बघायला काही नाही. हिला लहान रस्ते द्या. अंबाजोगाईला जाऊन मुकुंदराजांच्या समाधीकडं वळा, बुट्टेनाथच्या दरीकाठची वळणं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची आहेत. मुरूडकडून येडशीला जा, रामलिंगच्या झाडीत शिरलात की ऊन-सावली डोक्यावरून चाळणीसारखी गळते. निलंग्याच्या बाजूला खरोशाची लेणी आहेत. कधी मुक्कामी निघालात तर खुलताबादहून म्हैसमाळचा घाट चढा, पण पावसाळा संपता संपता, धुकं विरळ झाल्यावर.

लोकांचं काय, हाही तुमच्या पत्रातला न लिहिलेला प्रश्न आहे. बंद गाडीची काच वर असली की कुणी बोलत नाही. उघड्या गाडीत तुम्ही सगळ्या गावाला सापडता. सिग्नलला मोटारसायकलवाला वाकून विचारेल, "काका, ॲव्हरेज किती देती?" पानटपरीवरचा म्हणेल, "टप कुठं गेला?" शाळेची पोरं पाठीमागं पळतील. म्हातारी बाई हात दाखवून थांबवेल आणि पुढच्या फाट्यापर्यंत न्या म्हणेल, आणि जागा नाही हे तिला दिसत असूनही पटणार नाही. दाजी दुकानदार आहेत, त्यांना हे सगळं आवडेल. तुम्हाला आवडेल का, हे मला पत्रावरून ठरवता येत नाही. पण लातुरात कुणाच्याही नकळत कुठं जायचं असेल तर ही गाडी नेऊ नका, एवढं नक्की.

जाऊबाईंना काही उत्तर देऊ नका. एकदा हुरडा खायला शेतात घेऊन जा, बस्स.

पैशाचं आणि कागदाचं जरा नीट ऐका, इथं भावनेत वाहून चालत नाही. फायबरची बॉडी गंजत नाही, त्यामुळं वरून गाडी चकाचक दिसते. गंजतो तो खालचा लोखंडी सांगाडा. गोव्याच्या खाऱ्या हवेत वीस-पंचवीस वर्षं काढलेली गाडी आहे, म्हणून रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय एक रुपया इसार देऊ नका. जिथं सस्पेन्शन सांगाड्याला जोडलंय तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर नमस्कार करून परत या. फायबरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर तिथं कधीतरी ठोकर बसलेली असते. त्या भरता येतात. फायबरचे पुतळे आणि मखरं करणारे कारागीर आपल्याकडं आहेत, ते हे काम सहज करतात. सुट्या भागांचं मात्र अवघड आहे. इंजिन रेनोचं असलं तरी आतल्या-बाहेरच्या कितीतरी वस्तू त्या एकाच गाडीसाठी बनलेल्या. समोरची काच आणि दाराची रबरं शाबूत आहेत का ते आधी बघा. इंजिन बिघडलं तर मेकॅनिक सापडतो, काच फुटली तर महिनोन् महिने शोधत बसावं लागतं.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '१४०९' असेल तर तो टायर २००९ सालच्या चौदाव्या आठवड्यातला, त्यावर नक्षी कितीही शाबूत असली तरी बदलायचा. पेट्रोलच्या रबरी नळ्याही नव्या टाका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या काळची रबरं ते सोसत नाहीत, फुगतात आणि चिरतात. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं, हा विनोद दाजींना ऐकवा.

कापडी टपाचं एकच पथ्य मोठं आहे : ओला असताना घडी घालायचा नाही, नाहीतर बुरशी धरते. मागची प्लॅस्टिकची काच घडीत पडू नये म्हणून मध्ये जुनं सुती कापड घालावं. धुताना प्रेशरचा पाइप मारू नका, मऊ ब्रश आणि साधं पाणी. टपाखाली पाणी निघून जायला भोकं असतात, अंगणात लिंब असेल तर त्याच्या पानांनी ती बुजतात आणि पाणी सीटखाली उतरतं. गाडीत पर्स, मोबाइल, दुकानाची रोकड ठेवायची नाही. कापड ब्लेडनं कापलं जातं, कुलूप काय कामाचं? पार्किंगला टप लावून, दारं उघडी सोडून जाणारे लोकही मी पाहिलेत. कापड फाटण्यापेक्षा चोरानं आत बघून परत जावं, हा त्यांचा हिशेब.

कागदांत : आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून ताडून बघा. बँकेचा बोजा आहे का ते पाहा. नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढं पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, ती वाढवलेली आहे का ते बघा. नसेल तर फिटनेस गोव्यातच काढून घ्या, ते काम विकणाऱ्याचं. जुन्या गाडीच्या नूतनीकरणाची फी पंधरा वर्षांनंतर वाढते आणि वीस वर्षांनंतर आणखी वाढते, ती धरूनच भाव करा. गोव्याच्या आरटीओची एनओसी लागेल, मग इथं आपला रोड टॅक्स भरून एमएच-२४ चा नंबर मिळेल. हे सगळं एजंटावर सोडलंत तरी प्रत्येक पावतीची नक्कल घरात ठेवा. विम्यात जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालकानं मिळून ठरवायची असते, तेव्हा जी आधीच कमी मांडली जाईल ती मुकाट्यानं मान्य करू नका. फोटो काढून भांडा.

आणि घरातला एक नियम : गाडीसाठी कर्ज काढायचं नाही. दुकानाच्या खात्यातून एक पैसा घ्यायचा नाही. घेताना जेवढे पैसे जातील, त्याच्या निम्मे आणखी बाजूला ठेवलेले असतील तरच हो म्हणा. ते निम्मे पहिल्या वर्षात संपतील. दाजी या तीन अटींना तयार नसतील तर खुशाल अडवा, माझं नाव सांगा.

तयार झाले, तर तुमची चौथी अट ठेवा. पत्रात तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिलंय, की गाडी येते पण हे शेजारी असले की हात लावत नाही. या गाडीत दोनच सीट आहेत, ताई. त्यातली एक कायम त्यांची आणि दुसरी कायम तुमची, असं ठरलं तर तुम्ही जन्मभर शेजारी बसून वारा खाणार आणि वर त्यांनी गिअर कसा टाकला त्याचं कौतुक करणार. दाजींना माहीत असलेलं जे सुख मी इथं सांगितलं, त्यातलं निम्मं स्टिअरिंगच्या बाजूलाच मिळतं. शेजारच्या सीटवर फक्त वास आणि गारवा पोचतो.

गोव्याहून गाडी चालवत आणायची भाषा ते करतील. ऐकू नका. अनोळखी जुनी गाडी, जुने टायर आणि घाट, हा मेळ नको. ट्रकवर चढवून आणा आणि तुळजापूरला उतरवून घ्या. नाहीतरी आपल्याकडं नवी गाडी आधी आईच्या दाराशी नेतातच. हार, नारळ, लिंबू सगळं झालं की किल्ली तुम्ही मागा. तिथून औशावरून लातूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहे, रस्ता रुंद आणि चांगला आहे. दाजी शेजारी बसून ब्रेक दाबल्यासारखा पाय आपटतील, "हळू, हळू" म्हणतील, तिकडं लक्ष देऊ नका. आणि प्रसादाची पिशवी त्यांच्या मांडीवर द्या, मागं ठेवायला जागा नाही.